‘विशेष काही नाही’ हेच तर विशेष!

घरातली सगळी माणसं धडधाकट आहेत, मूल हसतंखेळतं आहे, रात्री शांत झोप लागली. यात सांगण्यासारखं ते काय, असं आपल्याला वाटतं. पण असा साधा, बिनघोर दिवस आपल्या पणजीला क्वचितच मिळत असे. तो आपल्याला कुणी मिळवून दिला?

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आपण विचारतो, ‘‘काय म्हणताय? काय विशेष?’’ समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘विशेष काही नाही, चाललंय आपलं नेहमीचंच!’’ बोलण्याचा सूरही जरा कंटाळलेला असतो. मुलं शाळेत जातात, मोठी माणसं कामावर जातात, सासूबाईंचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, संध्याकाळी सगळे घरी परततात. सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

आता घरात जुनी पत्रं जपून ठेवली असतील तर एखादं पोस्टकार्ड काढून पाहा. एवढ्याशा कार्डावर लिहायला जागा ती किती! तरीही सुरुवात ठरलेली असे. इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत, तुमच्या खुशालीचं पत्र पाठवावं. खुशाली हीच त्या काळी बातमी होती. मुलगी सासरी नांदत असो की मुलगा दूरच्या गावी नोकरीला असो, ‘सर्व खुशाल’ हे दोन शब्द वाचले की घरातल्या बायका देवापुढे साखर ठेवत. आणि दारात तारवाला दिसला की तार फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तिच्याबरोबर ती धडकीही पुष्कळांच्या आठवणीतून गेली.

आपल्या आयुष्यातली काही मोठी सुखं अशी आहेत, की ती दिसतच नाहीत. कारण ती घडलेल्या गोष्टींची नाहीत, न घडलेल्या गोष्टींची आहेत. नवं घर झालं, बढती मिळाली, मुलीचं लग्न ठरलं, की आपण पेढे वाटतो. पण मुलाला घटसर्प झाला नाही, सून बाळंतपणात दगावली नाही, पायातून नारू निघाला नाही, याचे पेढे कोण वाटणार? म्हणूनच आज या न घडलेल्या गोष्टींची थोडी उजळणी करू या.

नावांमध्ये दडलेली भीती

तुमच्या कुळाची वंशावळ पाहिलीत, तर त्यात कुठे तरी दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी नावं नक्की सापडतील. आज ती ऐकून नातवंडं हसतात. पण ही नावं हौसेनं ठेवलेली नव्हती. आधीची दोन-तीन मुलं दगावली, की पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव देत, जेणेकरून मृत्यूची किंवा वाईट दृष्टीची नजर त्याच्यावर पडू नये. दगडधोंड्याला, केरकचऱ्याला कोण उचलून नेणार, असा त्यामागचा भाबडा हिशेब!

आणि ही रीत काही एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालमध्ये तीन कवड्यांना विकलेला म्हणून ‘तिनकडी’, तेलुगू मुलखात उकिरड्यावरून ‘पेंटय्या’, तामिळनाडूत कचऱ्यावरून ‘कुप्पुस्वामी’. भाषा निराळ्या, पण काळजात धस्स होणारी आई सगळीकडे एकच.

नव्या बाळाची पाचवी पुजायची पद्धत आजही अनेक घरांत आहे. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, रात्र जागवायची. आपण ती आता कौतुकानं करतो. पूर्वी मात्र ती रात्र खरोखरच भीतीची असे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळाला धनुर्वात होऊन ते हातचं जाण्याचे प्रकार फार होते. नाळ अस्वच्छ विळ्यानं किंवा दगडानं कापली, तिच्यावर शेण किंवा राख लावली, की त्यातून जंतू शिरत. बाळाचं तोंड आवळलं जाई, ते दूध ओढेनासं होई, अंग धनुष्यासारखं ताठ होई. अशा वेळी घरच्यांच्या हाती देवाला साकडं घालण्यापलीकडे काही उरत नसे.

पुढे गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देण्यास सुरुवात झाली. स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ हात यांचं शिक्षण सुईणींना मिळालं. बाळंतपणं दवाखान्यांत होऊ लागली. अखेर २०१५ साली, माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला. २५ हादेखील कमी नव्हेच. पण १२९ आणि २५ यांच्यामध्ये जी बाळं वाचली, त्यांतलं एखादं आज तुमच्याच घरात ऑनलाइन पिझ्झा मागवत असेल!

दंडावरची गोल खूण

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांचा दंड पाहा. रुपयाच्या नाण्याएवढा, आत दबलेला एखादा गोल वण दिसेल. पुष्कळांच्या दंडावर असे दोन-तीन असतात. ही देवीच्या लशीची खूण. तरुणांच्या दंडावर असतो तो लहानसा वण बहुधा क्षयरोगाच्या, म्हणजे बीसीजीच्या लशीचा. देवीची लस त्यांना मिळालीच नाही, कारण तिची गरजच उरली नव्हती.

देवीच्या रोगाच्या भयंकर प्रकारात सरासरी दहांपैकी तीन रुग्ण दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात ‘तोंडावर देवीचे व्रण आहेत का?’ हा प्रश्न हमखास विचारला जाई. त्या दोन-चार शब्दांनी किती मुलींची आयुष्यं कोमेजली असतील!

या रोगावरची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी शीतपेट्या कुठल्या? लस जिवंत ठेवायची तर एकाच्या दंडावरच्या फोडातून ती दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, त्याच्यावरून तिसऱ्याच्या. या चिमुरडीच्या दंडापासून सुरू झालेली ही साखळी पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी दूरवर पोहोचली.

तरीही रोग जायला पावणेदोनशे वर्षं लागली. १९७४ साली एकट्या भारतात देवीचे पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले होते. मग सुरू झाला घरोघरचा शोध. आरोग्यसेवक देवी आलेल्या बाळाचं छायाचित्र हातात घेऊन दारोदार फिरत आणि ‘असा रोगी कुठं पाहिलात का?’ म्हणून विचारत. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस मिळे. ते वाढत वाढत एक हजार रुपयांपर्यंत गेलं. रोगी सापडला की त्याच्या आसपासच्या सगळ्यांना दुतोंडी सुईनं लस टोचायची. चिखल तुडवत, नदी ओलांडत, शिव्या खात हे काम चाललं. २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंज रेल्वे स्थानकावर एक बेघर स्त्री देवीनं आजारी सापडली. भारतात सापडलेली ती देवीची शेवटची रुग्ण. १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत आणि ८ मे १९८० रोजी सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आज ‘देवी’ म्हटलं की मुलांना फक्त नवरात्रातली देवी आठवते. यापेक्षा मोठं सुख कुठलं?

फडक्यातून गाळलेलं पाणी

तांब्याच्या हंड्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून पाणी गाळणाऱ्या आजी अनेकांनी पाहिल्या असतील. फिल्टरच्या बाटलीतून पाणी पिणाऱ्या नातीला ते जुनाट वाटेल. पण त्या फडक्यानं एका भयंकर रोगाला हरवायला मोठा हातभार लावला आहे. तो रोग म्हणजे नारू.

पायऱ्यांच्या विहिरीत, तळ्यात माणसं पाय बुडवून पाणी भरत. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असत आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. असं पाणी प्यायलं की सुमारे वर्षभरानं पायावर आग आग करणारा फोड येई आणि त्यातून हाताएवढा, कधी दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजे. ऐन पेरणीच्या दिवसांत घरची कर्ती माणसं महिना महिना अंथरुणावर पडून राहत. आग शमवायला रोगी पुन्हा पाण्यात पाय बुडवी आणि पिल्लं पुन्हा विहिरीत पडत.

यावर ना लस, ना रामबाण औषध. १९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते. महाराष्ट्र, राजस्थान, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, तामिळनाडू अशा सात राज्यांत त्याचा वावर होता. उपाय अगदी साधे होते. पाणी फडक्यातून गाळायचं, रोग्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप बसवायचे. गावोगावच्या बायकांनी ते फडकं मनावर घेतलं. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आज सकाळी पायात चप्पल सरकवून तुम्ही बाहेर पडलात, तेव्हा पायाकडे लक्षही गेलं नसेल. लक्ष गेलं नाही, हीच ती खुशाली!

चिमूटभर मीठ, साखरेचे सहा चमचे

आता स्वयंपाकघरात चला. मिठाच्या पिशवीवर हसऱ्या सूर्याचं चित्र असतं, ते कधी नीट पाहिलंत? आयोडीनयुक्त मिठाची ती खूण आहे.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात एके काळी गळ्याला गाठ, म्हणजे गलगंड असलेली माणसं घरोघर दिसत. अन्नपाण्यातलं आयोडीन कमी पडलं की गळ्यातली ग्रंथी सुजते. गर्भवतीला ते कमी पडलं, तर बाळाची बुद्धी आणि वाढ खुंटू शकते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्यात आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं. काही वर्षांत गलगंडाचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. त्या पुराव्याच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपण भाजीत मीठ घालतो तेव्हा आळणी-खारट एवढाच विचार करतो. त्या चिमटीतून मुलांच्या बुद्धीची राखण होते, हे कुणाच्या मनातही येत नाही. मात्र मीठ उघडं, दमट जागी किंवा उन्हात ठेवलं तर त्यातलं आयोडीन कमी होतं. बरणीला घट्ट झाकण हवं.

त्याच मिठाची दुसरी करामत पटकीची. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत, आणि तरीही माणसं पटापट मरत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीनं थैमान घातलं. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. खाटा भरलेल्या, रोगी जमिनीवर, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. तेव्हा त्यांनी धाडसी निर्णय घेतला. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, ते पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तोवर छावण्यांत शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. हीच आपली जलसंजीवनी. २०२२ साली डॉ. महालनबीस गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पण जुलाबानं मलूल झालेल्या मुलाला ओआरएसची पुडी कालवून देताना किती आयांना त्यांचं नाव ठाऊक असतं?

पुडी घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा नीट विरघळवून घोट घोट पाजता येतं. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यायला हवं.

‘आम्ही वाढलोच की!’

एवढं सगळं सांगायचं कारण काय? कारण ज्या सुखाची आठवण राहत नाही, त्याची राखणही होत नाही.

घरात लशीचा विषय निघाला की एखादे काका हटकून म्हणतात, ‘‘आमच्या वेळी कुठं होती ही टोचाटोची? आम्ही वाढलोच की!’’ काका वाढले हे खरं. पण जे वाढले नाहीत, ते हे सांगायला येत नाहीत. काकांच्याच भावंडांत कुणी लहानपणी गेलं होतं का, हे एकदा त्यांना विचारून पाहा. बहुतेक घरांत असं एक नाव निघतं आणि मग बैठकीत थोडा वेळ कुणी बोलत नाही.

विसरल्याची किंमत काय असते, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईनं पाहिलं. गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. करोनाच्या काळात कितीतरी बाळांच्या लशी राहून गेल्या होत्या. काही घरांत भीती होती, काही ठिकाणी रोजगार बुडवून दवाखान्यात जाणं परवडत नव्हतं. गोवर म्हणजे ‘येतो आणि जातो’ असं मानणारेही होतेच. गोवर मात्र काहीच विसरलेला नव्हता. लस न घेतलेली मुलं त्यानं बरोबर शोधून काढली.

पोलिओचंही तसंच. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. मग गर्दीच्या वस्त्या, वीटभट्ट्या, धावत्या रेल्वेगाड्या, पुरात वेढलेली गावं, जिथे मूल तिथे थेंब घेऊन माणसं पोहोचली. दारावर खडूची खूण, बाळाच्या करंगळीवर शाई. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातल्या एका लहानगीला झालेला पोलिओ हा देशातला अखेरचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे. म्हणूनच पोलिओ रविवारी ‘आता कशाला?’ म्हणून दार लावून घ्यायचं नाही.

मग आभार मानायचे कसे?

देवापुढे हात जोडावेत, त्यात काही वावगं नाही. पण काही आभार हातापायांनीही मानता येतात.

पहिली गोष्ट, घरातल्या बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड आजच काढून बघा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस झाली का? नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी? पाच-सहा वर्षांचा बूस्टर? दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस तर बहुतेक घरांत विसरलीच जाते. आणि हे लक्षात ठेवायचं काम एकट्या आईचं नाही. बाबांच्या मोबाइलमध्ये क्रिकेटचं वेळापत्रक मावतं, तर लशींच्या तारखाही मावतील.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंना, इमारतीच्या वॉचमनला त्यांच्या मुलांच्या लशींबद्दल विचारा. लशीच्या दिवशी दोन तासांची सवलत द्या, पगार न कापता. साथ आली तर ती जिना चढताना कुणाचं घर कुठलं, हे विचारत नाही.

तिसरी गोष्ट, दारावर येणारी आशाताई. २००५ पासून गावोगावी या स्त्रिया फिरत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली त्यांचा गौरव केला. पण त्यांच्या कामाला आजही सरकारी नोकरीचा पगार नाही, मानधनावर त्या राबतात. उन्हातून येणाऱ्या त्या बाईला दाराबाहेर उभं ठेवून ‘नंतर या’ म्हणण्याऐवजी आत बोलवावं, पाण्याचा पेला पुढे करावा आणि तिनं विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं द्यावीत.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी. येत्या रविवारी घरातल्या ज्येष्ठांपाशी बसा. त्यांच्या भावंडांची नावं विचारा, जगलेल्यांचीही आणि गेलेल्यांचीही. कोण कशानं गेलं, तेव्हा घरात काय झालं, हे मुलांच्या कानावर पडू द्या. त्यांना घाबरवायचं म्हणून हे सांगायचं नाही. आज आपल्या ताटात जे बिनघोर जेवण आहे, त्यात कुणाकुणाचे कष्ट कालवलेले आहेत, एवढं त्यांना कळायला हवं.

प्लेगाच्या साथीत रोगी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगानं १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. ही नावं इतिहासानं जपली. पण चिखलातून लशीची पेटी डोक्यावर नेणारा शिपाई, विहिरीवर उभं राहून बायकांना पाणी गाळायला शिकवणारी सेविका, रात्री-बेरात्री कंदील घेऊन बाळंतिणीकडे धावणारी सुईण, यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्यांच्या कामाची नोंद आहे ती तुमच्या-आमच्या घरातल्या साध्यासुध्या दिवसात.

तेव्हा पुन्हा कुणी ‘काय विशेष?’ म्हणून विचारलं, तर खुशाल सांगा, ‘‘घरी सगळे बरे आहेत!’’ आणि लगेच विचारा, ‘‘तुमच्याकडे? बाळाची लस झाली का?’’